सरकारी भाड्याचे देव

आंजी (मोठी)
ता. ३ ऑगस्ट १९५७

चि. कमलास,

तुह्या आजीचा जयभीम. जावयाले आशीर्वाद. तुह्या सासूले काय सांगाचं ते मी समोर बसून सांगीन, पत्रात मावत नाई.

हे पत्र नीट बसून वाच, चुलीपाशी नको. आपल्या गावात सरकारी नर्सबाई येणार हाय. बाळंतपणं कराले, लेकरांले सुया टोचाले. काल ब्लॉकचे साहेब जीप घेऊन आले आन चावडीपुढं उभं राहून बोलले का बाईले राहाले घर पाह्यजे. भाडं बाईच्या पदरचं नाई, सरकार भरीन. घरवाल्याच्या नावानं दर महिन्याले मनिऑर्डर. मात्र खोलीले सोताचं दार पाह्यजे, खिडकी पाह्यजे, न्हाणी पाह्यजे. दिवाळीच्या आत असं घर नाई भेटलं तं बाई दुसऱ्या गावाले जाईन.

बापूजी पाटील लगेच उठले. माहा वाडा हाय म्हणे. साऱ्या गावानं माना हालवल्या. आमी बाया मागं कडुलिंबाखाली उभ्या होतो. मी तिथूनच म्हटलं, साहेब, माह्याही घरी खोली हाय, इटांची, माह्या लेकानं बांधलेली. साऱ्यांनी वळून पाह्यलं, जशी म्हैस बोलली.

बापूजी हासले. म्हणे, "तानाबाई, सरकारी माणूस तुमच्या मोहल्ल्यात राहीन काय?"

म्या म्हटलं, "सरकार खिडकी मागून राह्यलं पाटील, जात कुठं मागून राह्यलं?"

साहेबानं माहं नाव लिहून घेतलं. बाई दोन्ही घरं पाहीन, तिले पसंत पडीन तिथं राहीन.

तुले वाटीन बुढीले भाड्याची हाव सुटली. हाव हाय, नाई काऊन म्हणू. पण इचार कर. बाई वाड्यात राहिली तं दिवेलागणीले फाटक बंद. आपल्या बाया ते फाटक वाजवतीन काय? आन वाजवलं तं कोणी उघडीन काय? दिवाळीच्या आगंमागं तुहे दिवस भरतात. पह्यलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माह्या घरी. तुह्या पाठीवरच्या लेकराच्या वक्ती तुही माय याच घरात गेली, मी हात चोळत बसली. आता पुन्हा तसं बसाचा माहा इचार नाई.

दार हाय. न्हाणी हाय. खिडकी नाई. उद्या सबल मागून आणतो आन भिंत फोडतो.

तुही आजी
तानाबाई


रोहणा
ता. ११ ऑगस्ट १९५७

ती. आजीस कमलाचा जयभीम.

आजे, तुहं पत्र वाचून मी एकटीच हासली. सासूबाईनं विचारलं काय झालं, म्या म्हटलं आजीनं भिंत फोडली. त्या म्हणाल्या, ते तं एक दिवस होणारच होतं.

तू सोता सबल उचलू नको वं. बाबाले वर्ध्याहून सुट्टी घेऊन येऊ दे. नाईतं चिंधू सुताराले सांग. रेल्वेच्या पगारातून बाबानं एक खोली उभी केली, ते तू पाडशीन.

मले इथं लय आनंद झाला. नर्सबाई आपल्या घरात राहीन, पांढरं पातळ नेसून तुह्या दारापुढच्या सपरीतून जाईन-येईन, हे डोळ्यापुढं आणलं का मले निंदताना तासही लांब वाटत नाई. पण एक सांगतो, रागावू नको. सासूबाई म्हणतात बाळंतपण इथंच कराचं. भागीरथा दाई हाय, तिनं त्यायची सारी लेकरं काढली. तुह्या जावयाले विचारलं तं ते बैलाले पाणी पाजाले गेले. बैलानं नुकतंच पाणी पेलं होतं.

तू इहीणबाईले गोड शब्दात लिही. तुले येते काय गोड लिहाले?

मी मजेत हाओ. काई तरास नाई. पायाले जराशीक सूज येते, ते साऱ्यांलेच येते म्हणतात.

तुही
कमला


आंजी (मोठी)
ता. २० ऑगस्ट १९५७

चि. कमलास,

गोड लिहाले मी हलवाई नाई. तुह्या सासूले नंतर पाहीन. आधी इथलं ऐक.

खिडकी झाली. म्या फोडली, चिंधूनं चौकट बसवली. भोक अंमळ मोठं झालं. चिंधू म्हणे, तानाबाई, यातून तं बकरी येईन. म्या म्हटलं, येऊ दे, तिले काऊन उजेड नको? मंग त्यानं गज ठोकले. चुना लावला, सारवलं, छपराचे कवेलू फेरले. खोली अशी दिसून राह्यली का मलेच तिच्यात भाड्यानं राहावंसं वाटते.

काल बाई आली. लीलाबाई नाव. हिंगणघाटकडची, तिशीच्या आतबाहेर, हिंदू. नवरा मेला का त्यानंच टाकली, म्या नाई विचारलं. अंगानं काडी, पण चाल शिपायाची. आधी वाड्यात गेलती. तिथं झोपाळा दाखवला, चहा पाजला, चिवडा चारला. खोली चांगली हाय म्हणे, पण बाजूलेच माणसांची बैठक. आन बापूजीनं बजावलं का दिवेलागणीनंतर बाहेर निघाचं तं घरात विचारून.

मंग माह्या घरी आली. म्या चहा नाई केला, का ती पेईन का नाई पेईन, उगाच चहा फुकट. खिडकीतून हात बाहेर काढून पाह्यला. मंग रस्त्याकडचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"आजी, रात्री हे दार उघडायचं झालं तर कुणाला विचारावं लागेल?"

म्या म्हटलं, "कुत्र्याले."

हासली. चांगली हासली, दात दाखवून. म्हणे, "मग मला हीच खोली पाहिजे. चहा का नाही केला?"

कमले, मी चुलीकडं अशी पळाली का लुगड्याचा काठ धगीत गेला. पण चहा पेता पेता तिनं विचारलं, "माझे देव कुठं ठेवू?"

माह्या हातातली बशी हातातच राहिली. बाळकृष्ण हाय, अन्नपूर्णा हाय, एक नंदी हाय. पितळेचे. मायनं दिलेले. त्याइच्याशिवाय ती पाणी पेत नाई.

आता तुले ठाऊकच हाय. मागच्या दसऱ्याले नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आन घरातले सारे देव टोपल्यात भरून धाम नदीत सोडले. टोपलं माह्याच डोक्यावर होतं. त्या खोलीतल्या देवळीत आता घासलेटची बाटली हाय. म्या बाईले म्हटलं, आठ दिवसांनी सांगतो.

प्रेमदास मोहल्ल्याच्या कमिटीचा मुखिया. त्याले कुठून वास लागला कोण जाणे. दारात येऊन म्हणे, "मावशी, हात जोडून प्रतिज्ञा कोणी घेतली होती? बौद्धाच्या घरात देव बसला तं आम्ही तुह्या घरचं पाणी बंद करू."

देव आत घेतले तं मोहल्ला जाते. नाई घेतले तं बाई वाड्यात जाते. आन दिवस जाऊन राह्यले. तू चौथी शिकली. सांग.

तानाबाई


रोहणा
ता. २७ ऑगस्ट १९५७

ती. आजीस जयभीम.

आजे, माह्या चौथीत हे नव्हतं शिकवलं. मले वाटते, तू बाईले म्हण का देव हिंगणघाटले ठेवून ये, सणावाराले जाऊन भेटत जा. नाईतं पेटीत ठेव म्हणा आन पेटीची पूजा कर. आमच्या घरी हा इचार सांगितला तं तुहे जावई म्हणाले, आजीपाशी बोलू नको, त्या मलेच मारतीन.

प्रेमदासकाकाशी भांडू नको. ते मनानं वाईट नाई. त्यायचंही बरोबर हाय आन तुहंही बरोबर हाय, हेच तं वाईट.

पोळा झाला. यायनं आर्वीच्या बाजारातून मले नव्या चपला आणल्या. लाल पट्ट्याच्या. आन गंमत पाह्य, पायातच जात नाई. मागच्या महिन्यात याच मापाच्या बसत होत्या. सासूबाईनं पट्टा ओढला, तुह्या जावयानं टाच दाबली, मी खाटेवर लोळून हासली. हातातल्या बांगड्याही रुतल्या, कासारानं कापून काढल्या. सासूबाई खूश हाय. म्हणतात, पोरगी बाळसं धरून राह्यली, नातू होईन.

ऊन लय पडते. डोकं दुखते कधीकधी, डोळ्यापुढं काजवे येतात. सावलीत बसलं का बरं वाटते.

बाईचं काय झालं ते लवकर लिही. मले इथं दुसरं काई सुचत नाई.

तुही
कमला


आंजी (मोठी)
ता. ५ सप्टेंबर १९५७

चि. कमलास,

पेटीची पूजा कर म्हणते. तुही फी फुकट गेली.

ऐक आता. रविवारी झेंड्यापाशी कमिटी बसली. सारा मोहल्ला आला, लेकरं कडेवर घेऊन बाया आल्या, जसा काई तमाशा. प्रेमदास उभा राहून म्हणे, "तानामावशीनं सांगावं, ते घरात देव ठेवणार हाय का नाई?"

म्या म्हटलं, "मी नाई ठेवून राह्यली."

"मंग कोण ठेवून राह्यलं?"

"सरकार."

लोक हासाले लागले. म्या म्हटलं, "हासू नका. मले सांगा, त्या खोलीचं भाडं कोण भरते? मी? बाई? सरकार भरते. ज्याचं भाडं त्याची खोली, जोवर भाडं येते तोवर. आता सरकारच्या खोलीत सरकारची बाई राहीन आन बाईसोबत तिचं बिऱ्हाड राहीन. तिच्या बिऱ्हाडात तवा हाय, कंदील हाय, देव हाय. तवा माहा होत नाई, तं देव माहा कसा होईन?"

प्रेमदास म्हणे, "पण घर तं तुहं हाय."

म्या म्हटलं, "हो. चाळीस वर्षं त्याच देवांले म्या याच घरात फुकट ठेवलं. तेल माहं, फुलं माही, निवद माहा. काय देलं त्यायनं? आता तेच भाडं भरून राहाले आले तं तुमी मले वापस लावा म्हणता."

आधी बुढे हासले, मंग प्रेमदासची बायको सुलोचना हासली, ते त्याले लय लागलं. तरी त्यानं अट घातली. मी त्या देवांले हात जोडले तं त्याच दिवशी पाणी बंद. म्या म्हटलं, कबूल. हात जोडाले माह्यापाशी वेळ कुठं हाय.

बाई सोमवारी राहाले आली. एक पेटी, एक वळकटी, सुयांचा डबा. देवळीतली घासलेटची बाटली म्या काढली, तिनं तिघांले मांडलं. रोज सकाळी टिणटिण घंटी वाजते. मी तिकडं पाठ करून भाकरी थापतो. साहेब येऊन खिडकी मोजून गेले, पास केली. बापूजी पाटील कोणापाशी बोलले म्हणे, आता गावात उलटंच वारं चाललं. चालू दे, खिडकीतून चांगलं येते.

शेजारच्या किसनरावची सून काल रात्री अडली, तं बाई माह्यासमोर दार उघडून निघून गेली. कुत्र्यानंही नाई विचारलं. लेकरू जितं हाय, माय जिती हाय. मी सपरीत बसून रात्रभर ऐकत होती, आन सकाळी मलेच भूक लागली जशी मी बाळंत झाली.

तुही चपलीची गोठ वाचली. अवं, पोटातल्याले खाऊ घाल, पायाले काऊन खाऊ घालून राह्यली? सासूच्या घरची भाकर लय मानवली दिसते. चपला परत कर म्हणा जावयाले, नाईतं मले पाठव.

तानाबाई


आंजी (मोठी)
ता. ६ सप्टेंबर १९५७

कमले,

कालचं पत्र टाकलं आन आज दुसरं लिहून राह्यली. हे हासाचं नाई.

सकाळी बाई चहा पेत होती. मी गंमत म्हणून तिले तुह्या चपलीची गोठ सांगितली. लाल पट्टा, सासूनं ओढलं, नवऱ्यानं टाच दाबली. बाई हासली नाई. कप खाली ठेवला. म्हणे, बांगड्या? म्या म्हटलं, कापल्या. म्हणे, डोकं दुखतं? म्या म्हटलं, लिहिलं हाय खरं. डोळ्यांपुढं काजवे? म्या म्हटलं, तेही हाय.

"आजी, हे बाळसं नाही. अंगात पाणी साचतंय. असंच राहिलं तर झटके येतात. मग आई आणि मूल, दोघंही हातचे जातात."

तुह्या मायचीही जोडवी रुतली होती. तवा आमाले हे कोणी सांगितलं नाई. आता सांगणारी माह्याच घरात चहा पेऊन राह्यली.

तू हे पत्र भेटल्या भेटल्या आडवी हो, डाव्या कुशीवर. निंदाले जाचं नाई, धुणं नाई, पाणी भराचं नाई. मीठ खाचं नाई. तुही सासू काई म्हणो. मी आन बाई उद्या सकाळच्या मोटारीनं वर्ध्याले, तिथून पुलगाव, पुलगावहून छोट्या गाडीनं रोहणा. बाईनं साहेबाले चिठ्ठी पाठवली, उत्तराची वाट नाई पाहत.

बहुतेक पत्राच्या आधी मीच पोचीन. तरी टाकून राह्यली. इहीणबाईनं मले दारातून वापस लावलं तं पत्र तरी आत जाईन.

तानाबाई


रोहणा
ता. १८ सप्टेंबर १९५७

इहीणबाई तानाबाई यांसी जिजाबाईचा जयभीम. पत्र माहा लेक बाबाराव लिहून राह्यला, मी सांगतो तसंच लिही म्हटलं हाय.

तुमी आल्या ते पाव्हण्यासारख्या नाई आल्या, जप्ती आणल्यासारख्या आल्या. पायरीवर पाय ठेवाच्या आत मले म्हटलं, पोरगी कुठं हाय. पाणी नाई, बसणं नाई. चार बायांपुढं मले काय वाटलं असन, ते तुमाले नाई समजाचं.

तुमच्या त्या बाईनं माह्या सुनेच्या नडगीवर आंगठा दाबला. आंगठा उचलला तं तिथं खड्डा पडला आन तो भरेचना. मी पाहून राह्यली, तो भरून नाई राह्यला. हप्ता उलटला, मी भाकर थापतो आन पिठात बोट रुतलं का तोच खड्डा दिसते. मी त्याले बाळसं म्हणत होती. मुद्दाम नाई म्हटलं.

भागीरथा दाई रुसून बसली. म्या तिले म्हटलं, बसू दे, तुलेही त्या बाईपाशी पाठवतो शिकाले.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं ते बाबारावच्या तोंडून समजलं. पण याले धड सांगता येत नाई, विचारलं का 'बरी हाय' म्हणते. किती बरी? सूज उतरली का? डोकं? तुमी सोता लिहा. आन ऐकलं का तुमच्या घरात देव बसले. रोहण्यात हे झालं असतं तं मोहल्ल्याबाहेर उन्हात घर बांधा लागलं असतं. पण माही सून त्याच घरात हाय, म्हणून गप हाओ.

मुगाची डाळ पाठवून राह्यली. तिले बिनमिठाची कशी गोड लागते ते तुमी पाहा.

जिजाबाई


आंजी (मोठी)
ता. १० ऑक्टोबर १९५७

इहीणबाई जिजाबाई यांसी तानाबाईचा जयभीम.

जप्ती म्हणाल तं जप्ती. जे उचलून आणलं ते सही सलामत हाय, आन एकाचे दोन झाले.

काल सकाळी मुलगी झाली. दिवसांच्या आधी आली, कोंबडीएवढी हाय, पण आवाज तुमच्यावर गेला. कमला बरी हाय. तुमी विचारलं किती बरी, तं आज उठून बसली आन माह्याशी भांडली. दवाखान्यात ठेवलं तवाच सूज अर्धी उतरली होती. मंग बाईनं इथं आणून खाटेवर निजवलं आन पहारा ठेवला. मी मिठाचा डबा कमरेले बांधून फिरत होती. बाई म्हणते अजून काई दिवस डोळ्यात तेल घालून पाहा लागीन. पाहतो. नातू पाह्यजे होता तं पुढच्या खेपेले मागजा, यावेळचं झालं.

कळा सुरू झाल्या तवा बाई म्हणे, माझ्या खोलीत आणा, उजेड तिथं आहे. खिडकीपाशी खाट टाकली. मंग एकदम थांबली. म्हणे, आजी, खोलीत बाळंतपण म्हणजे सोयर, दहा दिवस देवांना इथं नाही ठेवता येत. आन तिघांले उचलून माह्या हातात देलं. इकडं पोरगी कण्हून राह्यली आन मी उभी, एका हातात नंदी, एका हातात बाळकृष्ण, अन्नपूर्णा काखेत. माह्याइकडच्या कोठीवर ठेवले, जवारीच्या.

आज सकाळी प्रेमदास लेकरू पाहाले आला. त्याचं ध्यान कोठीवर गेलं. म्हणे, "मावशी, हे तुह्या घरात? हे तं सरकारच्या खोलीतले."

म्या म्हटलं, "दहा दिवसांचे पाव्हणे हाय. पूजा नाई, फूल नाई. तुले पाह्यजे तं तू घेऊन जा तुह्या घरी."

तो लेकरापाशी वाकला. मंग लेकराच्या मुठीत बोट देलं, तिनं धरलं. म्हणे, वजन किती भरलं? म्या म्हटलं, बाईले विचार. मंग म्हणे, कोठीवर काई दिसत नाई मले, इथं अंधार हाय. आन गेला. त्याची सुलोचनाही सातव्या महिन्यात हाय, ते तुमाले सांगाचं राहिलं.

तुमी बारशाले या. पाणी देईन, बसाले देईन, साऱ्या बायांपुढं मान देईन. मागचं भरून निघालं पाह्यजे, उधारी मले आवडत नाई. भागीरथालेही आणा. बाई म्हणते तिचे हात चांगले असतीन, फक्त ते धुवाले शिकवा लागतीन.

आत्ता सपरीखाली देवकाबाई येऊन उभी हाय. बापूजी पाटलाची बायको. गडी पाठवता आला असता, सोता आली, उन्हात, पदर डोक्यावर ओढून. या मोहल्ल्यात तिचं पाऊल म्या कधी पाह्यलं नाई. नर्सबाई आहे का, म्हणते. बाई लेकराले तेल लावून राह्यली. म्या म्हटलं, थांबा, इहीणबाईले पत्र लिहून राह्यली. थांबली. उभी राहू द्या जराशीक.

सून अडली म्हणते. पहाटेपासून. वाड्यात साऱ्यांनी सांगितलं म्हणे, बाईले बोलवा, पण मोहल्ल्यात जाईन कोण, यातच सकाळ गेली. म्या म्हटलं, अवं मंग आल्या आल्या हे सांगाचं सोडून उभी काऊन राह्यली? वरती ये, खाटेवर बस. आन बाईले हाक मारली. बाईनं लेकरू कमलाच्या हाती देलं, डबा भरून राह्यली.

देवकाबाई वरती आली. खाटेवर बसली. माह्या घरचं पाणी मागून राह्यली.

उठतो.

तानाबाई